बटलर बेटावरची रोजनिशी

फॅनी केम्बलच्या जॉर्जियातल्या रोजनिशीकडे वाचक बहुधा गुलामगिरीविरुद्धची साक्ष म्हणून वळतात. साक्ष ती आहेच, आणि मोठी आहे. पण मी या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जातो ते आणखी एका कारणाने. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, जॉर्जिया राज्यात मॅकिन्टॉश नावाची एक लहानशी काउंटी आहे. २०२० च्या जनगणनेत तिची वस्ती अकरा हजारांच्याही आत भरली. या काउंटीच्या एका कोपऱ्याचं इतकं ओलं, इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि ते केलं कुणी, तर लंडनच्या रंगभूमीवर ज्यूलिएट गाजवलेल्या नटीने.

केम्बल घराणंच नटांचं. वडील चार्ल्स केम्बल, आत्या सारा सिडन्स. फॅनीने १८२९ मध्ये कॉव्हेंट गार्डनला पदार्पण केलं, १८३२ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेचा दौरा काढला आणि १८३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या पिअर्स बटलरशी लग्न केलं. नवऱ्याच्या आजोबांची सही अमेरिकेच्या राज्यघटनेवर आहे. त्याच आजोबांची जॉर्जियातली शेती १८३६ मध्ये पिअर्स आणि त्याच्या भावाच्या वाट्याला आली: अल्टामाहा नदीच्या मुखातलं भाताचं बटलर बेट, खाली सेंट सायमन्स बेटावरची कापसाची हॅम्प्टन वाडी, आणि दोन्हींवर मिळून सातशेच्या आसपास गुलाम. १८३८ च्या डिसेंबरअखेर फॅनी तीन वर्षांची एक मुलगी आणि सात महिन्यांची दुसरी घेऊन बटलर बेटावर उतरली आणि पुढच्या वसंतात परत गेली. सगळी मिळून चारेक महिन्यांची वस्ती. तेवढ्यात मैत्रीण एलिझाबेथ सेजविकला उद्देशून, पत्रांच्या रूपात, तिने ही रोजनिशी लिहिली.

आधी जमीन पाहू, कारण पुस्तकातलं सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. ओकमल्गी आणि ओकोनी या दोन नद्या जॉर्जियाच्या पोटात एकत्र येतात आणि अल्टामाहा होते. समुद्राशी पोचताना ती फाटे फोडते आणि फाट्यांमध्ये गाळाची सपाट बेटं टाकते. मुखाशी उत्तर काठावर डॅरियन हे काउंटीचं ठाण्याचं गाव. इथला किनारा आत वळलेला असल्याने भरती फुगते, सहा ते नऊ फूट चढते. समुद्राकडच्या बाजूला मैलोनमैल खाऱ्या गवताची दलदल, तिच्यापलीकडे सापेलोसारखी बेटं. नदीच्या वरच्या अंगाला सायप्रसचं पाणजंगल. आणि या दोहोंच्या मध्ये काही मैलांचा एक पट्टा असा, की तिथे पाणी भरतीबरोबर चढतं पण ते गोडं असतं. समुद्र खालून रेटतो, नदी मागे हटून फुगते. भाताला हवा होता तो हा पट्टा. याच्या खाली गेलं तर मीठ पीक मारतं, वर गेलं तर भरतीचा जोर पोचत नाही. बटलर बेट बरोबर या पट्ट्यात आहे.

फॅनीला हे यंत्र कुणी समजावून सांगितलं असो वा नसो, तिच्या डोळ्याने ते पहिल्याच दिवसांत टिपलं. बेटाला जमीन म्हणावं की पाणी, असा प्रश्न ती पाडून घेते आणि दोन्ही नाकारते. तिला ते नदीवर तरंगणाऱ्या चिखलासारखं दिसतं. येण्याचा प्रसंगही पाहण्यासारखा आहे. डॅरियनला बोटी न्यायला आलेल्या. होडी बेटाजवळ येते तसा सुकाणूवरचा माणूस मोठा शंख उचलून फुंकतो, आणि धक्क्यावर माणसांची झुंबड उडते. नटीने आयुष्यात प्रेक्षकांची गर्दी पुष्कळ पाहिली होती. ही गर्दी तिच्या कपड्यांना हात लावते, हात दाबते, रडते, हसते. फॅनी हे वर्णन रंगवते, पण त्यात तिची घाबरगुंडीही लपवत नाही. आपल्या नावावर असलेली माणसं आपलं स्वागत करताहेत, याचा अर्थ काय लावायचा ते तिला अजून कळलेलं नाही, आणि वाक्यांमधून ते न कळणं दिसतं.

भातशेतीची रचना थोडी उलगडून सांगितली पाहिजे, नाहीतर पुस्तकातलं अर्धं चालणं-फिरणं कळणार नाही. नदीकाठाने सबंध बेटाला मातीचा बांध. आत आडवेउभे बांध घालून केलेल्या चौकोनी खाचरांची मांडणी, आणि खाचरांमधून चर. मुख्य बांधात ठिकठिकाणी लाकडी पेटीसारखा मोघा पुरलेला, दोन्ही तोंडांना वर-खाली होणारी दारं. पाणी घ्यायचं तेव्हा बाहेरचं दार उचलून ठेवायचं. भरतीचं पाणी आतलं दार ढकलून शिरतं आणि ओहोटी लागली की आतल्याच पाण्याच्या दाबाने ते दार बंद होतं. पाणी काढायचं तर याच्या उलट. रायगड-रत्नागिरीच्या खारजमिनीतली उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की आपल्याकडची उघाडी खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवते, आणि अल्टामाहावरची गोड्या पाण्याला आत बोलावते. पेरणीनंतर कोंब फुटेपर्यंत एक पाणी, मग तण मारायला दुसरं, लोंब्या धरल्यावर ताठ उभ्या राहाव्यात म्हणून शेवटचं. मधल्या काळात शेत कोरडं करून खुरपणी. एवढं बिनचूक पाणी खेळवायचं तर दाराशी उभ्या माणसाला चंद्र, वारा आणि नदी तिन्ही वाचता आली पाहिजेत. हे ज्ञान किती प्रमाणात पश्चिम आफ्रिकेच्या भातकिनाऱ्यावरून गुलामांबरोबर आलं, यावर इतिहासकारांचा वाद चालू आहे. पण बांध कुणी घातले यावर वाद नाही. पाणजंगल तोडून, बुंधे उपटून, फावड्याने एकेक घमेलं चिखल वर चढवून ही बेटं गुलामांनी उभी केली. नकाशात जी जमीन दिसते ती निसर्गाने नव्हे, त्यांनी केलेली आहे.

आता यातली एक गंमत पाहा. भाताच्या बेटाचं सर्वात प्रसिद्ध वर्णन लिहिणाऱ्या बाईने भाताची लोंबी पाहिलीच नाही. ती आली हिवाळ्यात. तेव्हा जुनी धसकटं जाळायची, बांध दुरुस्त करायचे, चर उपसायचे, मागच्या पिकाची झोडणी आणि सडाई करायची. फेब्रुवारीच्या मध्याला कुटुंब सेंट सायमन्सला हललं आणि कापूस-भाताचा खरा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला सगळे उत्तरेला निघून गेले. ही फक्त बटलरांची रीत नव्हती. उन्हाळ्यात या पाणथळीत हिवताप उठायचा, म्हणून गोरे मालक मे महिन्याच्या आसपास पळायचे ते थंडी पडल्यावर परत यायचे. पुस्तकात हिरवं शेत नाही हा त्याचा दोष वाटत नाही मला. उलट हिवाळ्यामुळेच तिला सांगाडा दिसला. पिकाखाली झाकलेले बांध आणि चर उघडे होते, आणि गुडघाभर थंड चिखलात उभी राहून ते उपसणारी माणसं, त्यांत बायाही, रोज नजरेसमोर होती.

फॅनीला फिरण्याची भारी हौस. घोडा, डोंगर, लांब पायपीट. बटलर बेटावर फिरायला जागा एकच: बांधाचा माथा. सरळ जा, कोपऱ्यावर वळा, पुन्हा सरळ जा. ती झुडपांतून वाटा काढवून घेते, मॅग्नोलियाच्या चकचकीत पानांवर, सदाहरित झाडांच्या गर्दीवर, पक्ष्यांवर, दलदलीवरच्या सूर्यास्तावर पानंच्या पानं लिहिते. या वर्णनांत नटीचा हात स्पष्ट आहे. प्रकाश कुठून पडतो, कोणता रंग आधी जातो, शेवटी मंचावर काय उरतं. वाक्यं लांब, एकात एक गुंतलेली, विशेषणांनी सजलेली. काही ठिकाणी मला ती जरा जास्तच वाटतात. पण वाचत गेलं की लक्षात येतं, हे सौंदर्य तिला प्रत्येक वेळी त्याच बांधावरून दिसतं आहे आणि बांधाच्या दोन्ही अंगांना कुणी ना कुणी काम करत आहे. निसर्गवर्णन एका परिच्छेदात संपतं आणि दुसऱ्याच परिच्छेदात ती आजारघरात शिरते, जिथे काचा नसलेल्या, फळ्यांनी बंद केलेल्या खिडक्यांच्या अंधारात आजारी बाया मातीच्या जमिनीवर पडल्या आहेत. मध्ये दुवा जोडणारं वाक्य ती लिहीत नाही. ही उडी तशीच ठेवणं हे मला तिच्या लेखनातलं फार मोठं शहाणपण वाटतं.

तिचा कानही तयार होता. होडी वल्हवणाऱ्यांची गाणी ती मन लावून ऐकते. एकाने ओळ काढायची, बाकीच्यांनी वल्ह्याच्या ठेक्यावर उचलायची, शब्द तिथल्या तिथे जुळवायचे, कधी बाईसाहेबांचीच स्तुती गुंफायची. चांगल्या संगीतकाराच्या हाती यातले एकदोन कोरस पडले तर त्यांवर ऑपेरा चालेल, असं ती म्हणते. आणि लगेच ऐकीव माहिती नोंदवते की पुष्कळ मालक आणि कारभारी गुलामांना दुःखी चाली गाऊ देत नाहीत. बटलर बेटापासून सेंट सायमन्सपर्यंत पंधराएक मैलांचा पाण्याचा रस्ता. या काउंटीत त्या काळी रस्ता म्हणजे पाणीच. त्यामुळे जो दूर कुठे जातो तो कुणाच्या तरी हातांच्या जोरावर जातो. ही गोष्ट फॅनी वारंवार अनुभवते आणि वल्ह्यांचा ठेका वाचकाला पुस्तकभर ऐकू येत राहतो.

आता ज्या दोन-तीन पानांसाठी हे पुस्तक टिकेल, असं मला वाटतं, तिकडे येतो. सेंट सायमन्सला गेल्यावर फॅनी एक टिपणवही ठेवते. दिवसभरात कोण आलं, काय मागितलं. एका पत्रात ती त्यातला एक दिवस जसाच्या तसा उतरवते. तिथली हॅम्प्टन वाडी आज शेजारच्या ग्लिन काउंटीत मोडते, पण मालक एक, कारभार एक. त्या दिवशी आलेल्या सगळ्या बाया.

प्रत्येकीची नोंद एकाच साच्यात आहे. नाव, बहुतेकींच्या बाबतीत नवऱ्याचंही. मग किती मुलं झाली. मग त्यातली किती गेली. किती गर्भ पडले. मग मागणं. पहिली फॅनी, लेखिकेच्याच नावाची. सहा मुलं झाली, एक उरलं, शेतातलं काम हलकं करा म्हणायला आलेली. सोफीची दहा, त्यांतली पाच गेलेली, ती जुनं कापड मागायला आली आणि खरं म्हणजे मांसाचा एक तुकडा मागून गेली. शार्लटचे दोन गर्भ पडलेले, पुन्हा दिवस गेलेले आणि सांधे धरलेले. सारा चार वेळा गर्भ पडलेली, सात मुलांची आई, पाच गेलेली, पुन्हा पोटुशी. मॉलीची नऊ मुलं आणि त्यांतली सहा जिवंत, आणि इथे लेखिका म्हणते की आतापर्यंतच्या हकिगतींत हीच सर्वांत बरी.

या पानांवर विशेषणं जवळजवळ नाहीत. जी बाई सूर्यास्तावर अर्धं पान खर्च करते ती इथे एका बाईला दोन-तीन ओळी देते. ज्यूलिएट करणाऱ्या नटीने आवाज पूर्ण खाली आणला आहे. तिला रडू कोसळलं असेल, पण या नोंदींमध्ये ते नाही, आणि म्हणूनच वाचकाला आकडे मोजावे लागतात. मी ते मोजले आहेत, आणि कुणीही मोजील. बेरीज करताना कळतं की वर ज्याला मी यंत्र म्हटलं त्याचा दुसरा हिशोब हा आहे. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी बाईने शेतावर यायचं, ही तिथली रीत. बायांचं मागणं असं, की तीनऐवजी एक महिना द्या. स्वातंत्र्य नव्हे, आठेक दिवस जास्त. फॅनी हे मागणं नवऱ्यापुढे नेते, मग दुसरं, मग तिसरं. अखेर तो बजावतो की यापुढे या लोकांच्या तक्रारी माझ्याकडे आणायच्या नाहीत. त्यानंतर वहीतली नोंद हेच तिचं एकमेव हत्यार उरतं. याच्या जोडीला ती आणखी एक गोष्ट करते: अलेक नावाच्या मुलाला अक्षरं शिकवते. जॉर्जियात तो कायद्याने गुन्हा होता, हे तिला ठाऊक होतं.

पुस्तक निर्दोष नाही आणि तसं भासवण्यात अर्थ नाही. गुलामांच्या अंगाच्या वासाबद्दल, घरांच्या घाणीबद्दल, चेहऱ्यांबद्दल ती जे लिहिते त्यातलं काही आज वाचवत नाही. बोलीची नक्कल ती मजेने करते. इंग्लिश बाईचा तोरा सुटत नाही. आणि तरीही स्वतःला ती वगळत नाही. आपलं खाणं, कपडे, मुलींचं पोषण या फुकटच्या श्रमांवर चालतं, हे ती लिहून ठेवते. मला तिच्या पूर्वग्रहांपेक्षा हे अधिक मोलाचं वाटतं, कारण पूर्वग्रह तिच्या काळाचे होते, ही कबुली तिची स्वतःची आहे.

रोजनिशीच्या शंभर वर्षं आधी याच डॅरियनमध्ये वेगळं काही घडलं होतं, ते इथे सांगितलंच पाहिजे. १७३६ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून माणसं आणून हे गाव वसवलं गेलं, दक्षिणेच्या स्पॅनिश लोकांना अडवायला. तेव्हा जॉर्जियात गुलाम ठेवायला बंदी होती आणि ती उठवावी म्हणून सव्हाना भागातले लोक ओरडत होते. जानेवारी १७३९ मध्ये डॅरियनच्या अठरा स्कॉट लोकांनी उलट अर्ज केला: बंदी राहू द्या. कारणं बरीचशी व्यवहारी. स्पॅनिश हद्द जवळ आहे, गुलाम पळून जातील, त्यांच्यावर पहारा ठेवावा लागेल, कर्ज वाढेल. पण त्याच कागदात हेही होतं की माणसांना आणि त्यांच्या पोराबाळांना कायमचं गुलाम करणं मानवी स्वभावाला धक्का देणारं आहे. बंदी दहाबारा वर्षांत उठली. मग भात आला. काउंटीचं नाव ज्या मॅकिन्टॉश घराण्यावरून पडलं, त्याचा कर्ता पुरुष त्या अर्जावर सही करणाऱ्यांत होता. १७९३ मध्ये काउंटी झाली तेव्हा ती गुलामांच्या शेतीवर उभी होती.

रोजनिशी फॅनीने चोवीस वर्षं दाबून ठेवली. नवऱ्याशी फाटलं, १८४९ मध्ये घटस्फोट झाला, मुलींचा ताबा गेला. मार्च १८५९ मध्ये कर्जात बुडालेल्या पिअर्सने आपल्या वाट्याचे गुलाम सव्हानाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लिलावात काढले. दोन दिवसांत ४२९ माणसं विकली गेली, आले ३,०३,८५० डॉलर. दोन्ही दिवस पाऊस पडत होता, आणि त्या विक्रीला रडण्याचा काळ हे नाव कायमचं चिकटलं. पुस्तक लंडनला निघालं मे १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना. त्याने इंग्लंडचं मत फिरवलं आणि दक्षिणेला मान्यता मिळू दिली नाही, असं सांगण्याची पद्धत आहे. मला ती अतिशयोक्ती वाटते. तोपर्यंत वारा बराचसा फिरलेला होता. त्याच वर्षी जूनच्या ११ तारखेला उत्तरेच्या सैन्याने डॅरियन जाळलं. त्यात कृष्णवर्णीय सैनिकांची ५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण होती. तिचा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ याला ही जाळपोळ मनापासून नापसंत होती. त्याच दिवसांत तो सेंट सायमन्सवरची बटलरांची वाडी पाहून आला आणि तिथे मागे उरलेल्या म्हाताऱ्या गुलामांशी बोलला.

बटलर बेट आज राज्याच्या वन्यजीव क्षेत्रात आहे. जुन्या खाचरांत अजूनही दारांनी पाणी सोडतात, पण बदकांसाठी. हमरस्ता १७ वरून जाताना भाताच्या गिरणीची विटांची चिमणी दिसते.

केम्बलचं पुस्तक वाचून झाल्यावर आणखी दोन पुस्तकं हाताशी ठेवावीत, नाहीतर हे चित्र एकाच खिडकीतून पाहिल्यासारखं होतं. बेटावर उतरताना सात महिन्यांची असलेली धाकटी मुलगी फ्रान्सिस युद्धानंतर वडिलांबरोबर तिथेच परत आली. १८६७ मध्ये पिअर्स हिवतापाने गेला आणि तिने भातशेती स्वतः चालवली. ती सगळी हकिगत तिने १८८३ मध्ये पुस्तकात मांडली. तेच बांध, तेच चर, पण आता प्रश्न मजुरीच्या करारांचे, चर उपसायला आणलेल्या आयरिश मजुरांचे. आईने जे लुटणं म्हणून पाहिलं ते मुलीला मोडून पडलेलं घर वाटतं. तिच्या पुस्तकातला खलनायक म्हणजे ट्यूनिस कॅम्पबेल, उत्तरेतून आलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. त्याने डॅरियनमध्ये मुक्त झालेल्या गुलामांची संघटना बांधली, त्यांचे करार तपासले, १८६८ मध्ये राज्याच्या सिनेटवर निवडून गेला, आणि साठी उलटल्यावर १८७६ मध्ये खटल्यात अडकवून कैदी-मजूर म्हणून पाठवला गेला. सुटल्यावर त्याने आपल्या छळाची हकिगत १८७७ मध्ये छापली. ती छोटी पुस्तिका आई-मुलीच्या दोन्ही पुस्तकांपेक्षा खूपच कमी वाचली जाते. माझा क्रम सांगायचा तर केम्बलनंतर थेट कॅम्पबेल, आणि मुलीचं पुस्तक शेवटी.